लॉट नंबर खाणारी वेबसाइट: कुपवाडच्या एका कोल्ड स्टोरेजचं प्रकरण

"साहेब, साइट लॉट नंबर खाती आमचा."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, बेदाणा साठवणाऱ्या एका कोल्ड स्टोरेजच्या मॅनेजरचा हा फोन आला. मी सांगलीच्या विश्रामबागेतल्या खोलीवजा ऑफिसात जेवायला बसलो होतो. साइट लॉट नंबर कशी खाईल, असं विचारल्यावर त्यांनी फोन शेजारी बसलेल्या शेतकऱ्याकडे दिला. ते म्हणाले, "आवं, टाकलाय की मी नंबर. तीनदा टाकला. दरवेळी म्हणतंय लॉट नंबर भरा. आता कितींदा भरू?"

ही साइट मी बनवलेली नव्हती. ज्या मुलाने बनवली तो पुण्याला नोकरीला गेला आणि गेलं वर्षभर देखभाल माझ्याकडे होती. देखभाल म्हणजे डोमेनचं नूतनीकरण, बॅकअप आणि दिवाळीला मुखपृष्ठावर पणती लावणं. आतला कोड मी कधी उघडला नव्हता, हे आधीच कबूल करतो.

धंदा थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. जत, कवठेमहांकाळ, तासगाव या कोरड्या हवेच्या पट्ट्यात द्राक्षं डिपिंग करून, म्हणजे द्रावणात बुडवून, शेडमधल्या रॅकवर वाळवतात. तयार बेदाणा १५ किलोच्या पेट्यांत भरून कोल्ड स्टोरेजला येतो आणि तिथून सांगली-तासगावच्या सौद्यांत जातो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी दर ठरतो तो मालाचा रंग, मण्याचा आकार आणि गोडी पाहूनच. या कोल्ड स्टोरेजने शेतकऱ्यांसाठी साइटवर एक साधा फॉर्म ठेवला होता. लॉट नंबर (साठवलेल्या मालाचा क्रमांक), जात, पेट्यांची संख्या, चार फोटो आणि लॅबचा रिपोर्ट. बाहेरगावचे खरेदीदार ते फोटो पाहून फोनवर विचारणा करत.

मॅनेजर हुशार माणूस. त्यांनी एका वहीत तक्रारी लिहून ठेवल्या होत्या. वही पाहिली तर तीन वेगवेगळे आजार दिसत होते. काहींचा लॉट नंबर गायब होत होता. काहींना "माहिती जतन झाली" असं हिरव्या पट्टीत दिसायचं, पण नंतर उघडलं तर फोटोच्या जागी नुसती चौकट. आणि काहींच्या फोनवर बराच वेळ गोल फिरत राहून शेवटी कनेक्शन तुटल्याचा निरोप यायचा. मॅनेजरांचं मत होतं की पहिली चूक साइटची, दुसरी शेतकऱ्याची आणि तिसरी जिओची.

खरं तर तिन्ही आजार एकच होते. पण ते कळायला मला दीड दिवस लागला.

मी पहिला प्रश्न विचारला तो नेहमीचाच: मागच्या हंगामात हे होत होतं का? नव्हतं. मग यंदा काय बदललं? मॅनेजर म्हणाले, काहीच नाही. हे उत्तर कधीच खरं नसतं, म्हणून मी चहा घेत बसून राहिलो. दहा मिनिटांनी निघालंच. मागच्या वर्षी शेतकरी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे आणि ऑफिसातली मुलगी ते साइटवर चढवायची. यंदा एका खरेदीदाराने कुरकुर केली की फोटो पुसट येतात, मण्यावरची सुरकुती दिसत नाही. म्हणून मॅनेजरांनी शेतकऱ्यांना सांगितलं, फोटो थेट कॅमेऱ्यातून काढून तुम्हीच टाका.

इथे माझ्या डोक्यात दिवा लागला. व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान करतं. तीन-साडेतीन एमबीचा फोटो पलीकडे पोचतो तेव्हा दोन-तीनशे केबीचा झालेला असतो. म्हणजे वर्षभर ही साइट व्हॉट्सअ‍ॅपच्या जिवावर चालली होती. कुणाच्या ध्यानीमनी नसताना ते आमच्या दारातला हमाल झालं होतं, ओझं आधीच हलकं करून देणारा. यंदा हमाल काढला आणि पूर्ण पोतं दारात आलं.

मग कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसातच प्रयोग केला. खुर्चीवर कोरा कागद, कागदावर मूठभर बेदाणा, आणि मॅनेजरांच्याच फोनने काढलेले चार फोटो. प्रत्येक ३.२ एमबीच्या आसपास. आधी एकच फोटो टाकून फॉर्म पाठवला. हिरवी पट्टी आली, फोटो मात्र नाही. दोन टाकले, तेच. तीन टाकले आणि समोर आलं: "कृपया लॉट नंबर भरा". मॅनेजर टाळी वाजवून म्हणाले, "बघा, खाल्ला का नाही?" चार टाकले तर पांढऱ्या पानावर काळ्या अक्षरांत "४१३ रिक्वेस्ट एन्टिटी टू लार्ज" (म्हणजे पाठवलेला ऐवज फार मोठा) आणि खाली बारीक अक्षरात सर्व्हरचं नाव, एनजिनएक्स.

एक-दोन फोटो, तीन फोटो, चार फोटो. तीन आजार नव्हतेच, वजनाप्रमाणे एकाच आजाराची तीन तोंडं होती.

आता हे असं का, ते सांगतो, कारण या प्रकरणाचा जीव इथेच आहे. फोनवरून निघालेली फाइल थेट वेबसाइटच्या कोडपर्यंत जात नाही. वाटेत तिला एकामागोमाग वजनकाटे लागतात, आणि प्रत्येक काट्यावर मर्यादा वेगळ्या माणसाने लावलेली असते.

पहिला काटा वेब सर्व्हरचा, म्हणजे फोनकडून आलेली प्रत्येक मागणी दारात घेणाऱ्या प्रोग्रामचा, आमच्याकडे एनजिनएक्स. त्यात "क्लायंट मॅक्स बॉडी साइज" नावाची ओळ असते. ती कुणी लिहिलीच नसेल तर मर्यादा १ एमबी. आमच्याकडे कुणीतरी १० एमबी लिहून ठेवली होती. दुसरा काटा पीएचपीचा, म्हणजे साइटचा कोड ज्या भाषेत चालतो तिचा, आणि त्यातही दोन वेगळी मापं: "अपलोड मॅक्स फाइलसाइज" म्हणजे एक फाइल किती मोठी चालेल, आणि "पोस्ट मॅक्स साइज" म्हणजे फॉर्ममधला सगळा ऐवज मिळून किती चालेल. हात न लावलेल्या पीएचपीत ही मापं अनुक्रमे २ एमबी आणि ८ एमबी असतात. आमच्याकडे हात लावलेलाच नव्हता.

आता हिशोब मांडा. एक फोटो ३.२ एमबी, दोन ६.४. हे १० च्या आत, ८ च्याही आत. पण प्रत्येक फोटो २ च्या वर. त्यामुळे पीएचपी फॉर्मची बाकी माहिती घेतं, फोटो टाकून देतं आणि त्या फोटोच्या नावापुढे चूक झाल्याचं सांगणारा आकडा १ लिहून ठेवतं. हा आकडा तपासणं कोड लिहिणाऱ्याचं काम. आमच्या कोडमध्ये लिहिलं होतं की आकडा शून्य असेल तर फोटो जागेवर ठेव. शून्य नसेल तर काय, याबद्दल एक अक्षर नाही. मग खाली सरळ "माहिती जतन झाली". शेतकरी बिचारा हिरवी पट्टी पाहून निवांत झोपायचा.

तीन फोटो म्हणजे ९.६ एमबी. एनजिनएक्सच्या काट्यातून सुटतं, कारण १० च्या आत. पण पीएचपीच्या एकूण ८ एमबीच्या वर. अशा वेळी पीएचपी काय करतं? अर्धं घेत नाही, अडवतही नाही, सगळा फॉर्मच रिकामा करून पुढे ढकलतं. फोटो नाहीत, नाव नाही, पेट्या नाहीत, लॉट नंबर नाही. कोडला वाटतं कुणीतरी कोरा फॉर्म पाठवला. तो पहिली रिकामी जागा पाहतो, ती लॉट नंबरची, आणि बजावतो: लॉट नंबर भरा. सर्व्हरच्या नोंदवहीत ओळ होती, तिचा मतलब एवढाच की इतक्या बाइटचा फॉर्म आला आणि मर्यादा ८३८८६०८ बाइटची आहे. ८३८८६०८ म्हणजे बरोब्बर ८ गुणिले १०२४ गुणिले १०२४. ती ओळ गेले वीस दिवस तिथे रोज उमटत होती. नोंदवही उघडायची माझी सवय कमी पडली, दुसरं काय.

चार फोटो १२.८ एमबी. हे पहिल्याच काट्यावर अडले. त्यातही एक गंमत आहे. ऑफिसच्या वायफायवर मला ४१३ चं पान दिसलं, पण शेतकऱ्यांच्या फोनवर ते कधी दिसलंच नव्हतं, त्यांना कनेक्शन तुटल्याचं दिसायचं. कारण असं की फोन माल पाठवायच्या आधी बिल्टी पाठवतो, तिच्यात एकूण बाइट लिहिलेले असतात. एनजिनएक्स बिल्टी वाचूनच म्हणतं, एवढं घेणार नाही. तोवर फोनने माल उतरवायला सुरुवात केलेली असते आणि तो उतरवतच राहतो. जतच्या माळावर १ एमबीपीएसचं (सेकंदाला १ मेगाबिट, म्हणजे एमबीचा आठवा हिस्सा) नेट मिळालं तर १२.८ एमबी जायला पावणेदोन मिनिटं लागतात. सर्व्हर थोडा वेळ तो माल घेऊन टाकून देत राहतो, मग दार लावून घेतो. फोनला कळतं ते एवढंच की पलीकडून फोन ठेवला. ब्राउझर ही चूक नीट दाखवू शकत नाहीत, हे एनजिनएक्सच्या स्वतःच्या माहितीपत्रकातच लिहिलं आहे. म्हणून "नेट गेलं" अशी तक्रार आली की मी आता आधी फाइलचा आकार विचारतो.

नावाबद्दल एक आडवी गोष्ट. ४१३ या आकड्याचं नाव दोनदा बदललं आहे. १९९९ च्या नियमावलीत "रिक्वेस्ट एन्टिटी टू लार्ज", २०१४ मध्ये "पेलोड टू लार्ज" आणि २०२२ मध्ये "कंटेन्ट टू लार्ज". एनजिनएक्सच्या पानावर अजून जुनंच नाव येतं. शोधताना तीन नावांची तीन वेगळी उत्तरं सापडतात आणि माणूस चक्रावतो. आकडा धरून शोधावं.

पहिली दुरुस्ती आणि माझ्या दोन घोडचुका

निदान झालं, आता औषध सोपं वाटत होतं. मर्यादा वाढवा. मी तेच केलं, आणि अर्धा दिवस घालवला.

आधीच्या मुलाने खरं म्हणजे प्रयत्न केलेला होता. साइटच्या फोल्डरमध्ये एचटीअ‍ॅक्सेस फाइल होती आणि तिच्यात ऐटीत लिहिलं होतं: अपलोड ६४ एमबी. अडचण अशी की ती फाइल अपाची सर्व्हर वाचतो. एनजिनएक्स तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. बहुधा साइट आधी अपाचीवर असेल, पुढे कुणीतरी सर्व्हर बदलला आणि ती पाटी तशीच लटकत राहिली. दुकान हलवल्यावर जुन्या गाळ्यावर फलक राहतो तशी.

मी सर्व्हरवर शिरून पीएचपीची सेटिंग फाइल कुठे आहे ते कमांडने विचारलं, आलेल्या पत्त्यावरची फाइल बदलली, काही फरक नाही. दोनदा तपासलं, तिसऱ्यांदा सर्व्हर बंद-चालू केला. शेवटी ध्यानात आलं की कमांड लाइनवर चालणारं पीएचपी आणि वेबसाइटला जोडलेलं पीएचपी-एफपीएम यांच्या सेटिंग फाइल्स वेगवेगळ्या असू शकतात. मी घरच्या घड्याळाचे काटे फिरवत होतो आणि स्टँडवरच्या घड्याळाकडे पाहत होतो. खात्रीचा मार्ग एकच: साइटच्याच फोल्डरमध्ये पीएचपीची माहिती दाखवणारं छोटं पान ठेवायचं, ब्राउझरमधून उघडून खरे आकडे वाचायचे आणि ते पान लगेच पुसून टाकायचं. पुसायचं विसरलात तर तुमच्या सर्व्हरची कुंडली जगाला खुली.

दुसरी चूक सांगायला लाज वाटते. योग्य फाइल सापडली, घाईत मी "२०एमबी" लिहिलं. पीएचपीला फक्त एक अक्षर कळतं, के, एम किंवा जी. शेवटी "बी" दिसलं की ते गोंधळतं आणि २०एमबीचा अर्थ घेतं २०. वीस एमबी नाही, वीस बाइट. आता व्हॉट्सअ‍ॅपवरचा बारका फोटोही जाईना. मॅनेजरांचा फोन: "साहेब, आधी तीन फोटोला खायची, आता सगळंच खाती." पीएचपी ८.२ पासून अशा वेळी निदान इशारा तरी देतं, आमचं जुनं होतं, ते गप्प बसलं. एनजिनएक्समध्ये हीच चूक केली असती तर चाचणीच्या कमांडने तिथल्या तिथे हात धरला असता. म्हणून एनजिनएक्स पुन्हा लोड करण्याआधी ती चाचणी चालवायचीच.

संध्याकाळी आकडे असे बसले: एका फाइलला २० एमबी, एकूण फॉर्मला ७५, एनजिनएक्सला ८०. उतरंड अशीच हवी, बाहेरचं दार आतल्या दारापेक्षा थोडं रुंद. म्हणजे माल अडला तर पीएचपीत अडेल, जिथे आपल्याला आपल्या भाषेत काही सांगता येतं. एनजिनएक्सच्या दारात अडला तर पांढरं पान किंवा तुटलेलं कनेक्शन.

चार फोटो टाकले, चारही चढले. मॅनेजरांनी उसाचा रस मागवला.

आतलं माप

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी कवठेमहांकाळच्या एका तरुण शेतकऱ्याचा फोटो टाकताना साइट ५०० क्रमांकाची चूक, म्हणजे सर्व्हरच्या आतलाच बिघाड, दाखवू लागली. त्याचा एकच फोटो, साडेअकरा एमबीचा. मर्यादेच्या आत. मग?

नोंदवहीत या वेळी वेगळी ओळ होती: ठरवून दिलेली १३४२१७७२८ बाइट मेमरी संपली. म्हणजे १२८ एमबी. पण फोटो तर साडेअकरा एमबीचा!

हे समजायला बेदाण्याचंच उदाहरण बरं. वाळलेला बेदाणा पेटीत बसतो, पण त्याची परत द्राक्षं करायची म्हटली तर चार-पाच पेट्या लागतील. जेपीईजी फोटो हा वाळवलेला माल. साइट त्याची छोटी प्रत काढायची, त्यासाठी तो पूर्ण उलगडावा लागतो, आणि उलगडल्यावर प्रत्येक बिंदूला ४ बाइट लागतात. फाइल किती एमबीची याला तिथे काही अर्थ नाही, बिंदू किती ते महत्त्वाचं. त्या पोराने नवा फोन घेतला होता आणि ५० मेगापिक्सेलचा मोड चालू ठेवला होता. असे फोन एरवी बिंदू एकत्र करून ४०८० बाय ३०६० चा, म्हणजे साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतात. पूर्ण मोडमध्ये ८१६० बाय ६१२०. गुणाकार केला तर जवळपास ५ कोटी बिंदू, चौपट केले की २० कोटी बाइट. पीएचपीच्या पोटातल्या, फोटो हाताळणाऱ्या जीडी लायब्ररीला तेवढी जागा लागली आणि १२८ एमबीची वेस आडवी आली.

मर्यादा वाढवली की असं होतंच. आधी दारात अडणारा माल आत येतो आणि आतली मापं अपुरी पडतात. मेमरी ५१२ करून टाका, असं मला एका मित्राने सांगितलं. सर्व्हरची एकूण मेमरी २ जीबी आणि पीएचपीचे आठ कामगार एकाच वेळी चालू शकतात. आठही कामगार एकदम मोठे फोटो उलगडायला बसले तर ४ जीबी लागणार. सौद्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे एकदमच फोटो टाकतात. सर्व्हर आडवा पडायला तेवढं पुरे होतं. शिवाय ८० एमबीचं दार पूर्ण साइटला उघडं ठेवणं मला पहिल्यापासून खटकत होतं. संपर्काच्या फॉर्मला ८० एमबी कशाला? कुणीही उपद्व्यापी माणूस बसून डिस्क भरू शकतो, कारण एनजिनएक्स मोठा ऐवज आधी डिस्कवर तात्पुरता उतरवून घेतं, मगच पीएचपीकडे देतं.

इथे मी उलट्या बाजूने विचार करायला लागलो. खरेदीदार फोटो कशावर पाहतो? फोनवर, फार तर लॅपटॉपवर. त्याला सुरकुती दिसायला ८१६० बिंदू रुंदीची गरज नाही, २०४८ भरपूर झाले. मग एवढा माल माळरानावरून सांगलीपर्यंत ओढून आणायचा, आणि इथे आणून दाबायचा, हे कशासाठी? द्राक्षं शेडवरच वाळवतात, कोल्ड स्टोरेजला आणून नाही. फोटोही तिथेच वाळवावा.

ब्राउझरमध्ये हे सहज होतं. फोटो निवडला की पाठवण्याआधी पानातलाच छोटा कोड तो कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या कोऱ्या जागेवर, काढतो, लांब बाजू २०४८ बिंदूंची ठेवतो आणि ८५ टक्के गुणवत्तेने नवा जेपीईजी बनवतो. आमच्या चाचणीत ३.२ एमबीचे फोटो पाऊणशे केबी इकडे-तिकडे धरून ६०० केबीवर आले. चार फोटो मिळून अडीच एमबी. म्हणजे गंमत पाहा, दुरुस्ती झाल्यावरचा फॉर्म जुन्या ८ एमबीच्या मर्यादेतही बसला असता. पावणेदोन मिनिटांचं काम वीस-बावीस सेकंदांवर आलं, ते वेगळंच. सोबत आणखी एक फायदा पदरात पडला: कॅनव्हासवरून गेलेल्या फोटोतली लपलेली माहिती, ज्यात फोटो काढल्याच्या जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात, आपोआप गळून पडते. कुणाची शेड कुठे आहे हे परक्या खरेदीदाराला फोटोतून कळायचं कारण नाही.

पण ब्राउझरवर पूर्ण विसंबता येत नाही. जुन्या फोनवर ५० मेगापिक्सेल उलगडताना ब्राउझरच बसतो, आणि वाकड्या डोक्याचा माणूस तो कोड टाळून थेट फाइल पाठवू शकतो. म्हणून सर्व्हरवरची तपासणी ठेवलीच, फक्त नेमकी केली. फोटोच्या फॉर्मच्या पत्त्यापुरती एनजिनएक्सची मर्यादा ४० एमबी, बाकी साइटला १. पीएचपीत एकूण ३६ आणि एका फाइलला ८. आणि फोटो उलगडण्याआधी त्याची लांबी-रुंदी नुसती वाचून पाहायची. ती माहिती फाइलच्या सुरुवातीलाच असते, तिला मेमरी लागत नाही. गुणाकार २ कोटी बिंदूंच्या वर गेला की फोटो परत. मेमरी १२८ च ठेवली.

सगळ्यात जास्त वेळ मी शब्दांवर घालवला, आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. आधी कोडमध्ये एकच निरोप होता, "त्रुटी आली". आता फॉर्म पूर्ण रिकामा आला पण बिल्टीवर मोठा आकडा असेल, तर साइट म्हणते: "फोटो फार मोठे आहेत, म्हणून तुमची माहितीही पोचली नाही. लॉट नंबर चुकलेला नाही." एक फोटो नाकारला तर कितवा ते सांगते आणि बाकीचे ठेवते. बिंदू जास्त असतील तर: "कॅमेऱ्यातला ५० एमपी मोड बंद करून पुन्हा फोटो काढा." ४१३ साठी एनजिनएक्सलाही मराठीतलं स्वतःचं पान दिलं. शिवाय भरलेली माहिती फोनमध्येच तात्पुरती जपून ठेवली, म्हणजे काही बिनसलं तरी नंबर पुन्हा भरावा लागत नाही. लॉट नंबर चुकलेला नाही, हे वाक्य वाचून मॅनेजर म्हणाले, "आता खात नाही म्हणता?"

रंगाची भानगड

फोटो लहान करणार म्हटल्यावर मॅनेजर जरा बिचकले. खरेदीदार आधीच कुरकुरलेला, आता रंग बिघडला म्हणून ओरडेल. हिरवा बेदाणा आणि पिवळा बेदाणा यांच्या दरात फरक पडतो, तेव्हा भीती खोटी नव्हती. म्हणून मूळ फोटो आणि २०४८ चा फोटो शेजारी शेजारी ठेवून मी त्यांच्याच ऑफिसातल्या तीन जणांना विचारलं, कुठला कुठला ते ओळखा. ओळखता आलं नाही. मग मी त्यांना दुसरे दोन फोटो दाखवले, एकाच पेटीचे, दोन्ही पूर्ण आकाराचे. एक शेडमध्ये हिरव्या शेडनेटखाली काढलेला, एक बाहेर सावलीत पांढऱ्या कागदावर. एकाच मालाचे दोन भाव व्हावेत असा फरक. नेटखाली सगळाच माल हिरवागार. रंग एमबीत नव्हता, उजेडात होता. त्या दिवसापासून फॉर्मवर फोटोच्या चौकटीशेजारी एक ओळ आहे: "बाहेर सावलीत, पांढऱ्या कागदावर, फ्लॅश न लावता." माझ्या मते त्या ओळीने खरेदीदाराची कुरकुर जितकी कमी झाली तितकी कुठल्याच सेटिंगने झाली नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी नोंदवही रोज रात्री उघडायला लागलो. ४१३ च्या ओळी जवळजवळ बंद झाल्या होत्या, पण रोज एक-दोन उरायच्याच आणि त्यांचे बाइट प्रचंड, एकदा तर साडेपाच कोटी. फोटो इतका मोठा असणंच शक्य नाही. शोध घेतला तर तो फोटो नव्हताच, लॅबचा रिपोर्ट होता. कीडनाशक अंशाच्या तपासणीची चार पानं, स्कॅन करून बनवलेली पीडीएफ. फोटो लहान करणारा माझा कोड पीडीएफला हात लावत नाही.

आता पीडीएफ दाबणारं काहीतरी सर्व्हरवर बसवावं, असं मनात आलं होतं. दोन-तीन दिवसांचं काम, बिलही झालं असतं. त्याऐवजी रिपोर्ट देणाऱ्या लॅबला फोन लावला. तिथल्या मुलीला विचारलं, ताई, स्कॅनर किती डीपीआयवर आहे? ती म्हणाली, थांबा हं, बघून सांगते. ६०० होता, म्हणजे इंचाला ६०० बिंदू, तेही रंगीत. ६०० डीपीआयला ए-फोरच्या एका पानाचे साडेतीन कोटी बिंदू होतात. २०० ला त्याच्या नवव्या हिश्शाइतके, आणि काळी अक्षरं तेवढ्यात स्वच्छ वाचता येतात. २०० करा आणि रंग काढून ग्रे ठेवा, म्हटलं. पलीकडून माउसच्या दोन टिचक्या ऐकू आल्या.

"झालं," ती म्हणाली. "आमच्याकडूनपण मेल जात नव्हते ओ हे रिपोर्ट, महिना झाला. आम्हाला वाटलं नेटच खराब आहे."